मुक्या रुग्णांचे दाते सर दिनशा पेटिट

लासुर्णे : गोठ्यातील गाय वा म्हैस आजारी पडली की पशुवैद्यकांना तातडीने बोलावणे जाते. घरातील म्हातारे मांजर मात्र वाळत चालले, सारखे पाणी पिऊ लागले, तरी तो वयाचा दोष समजून सोडून दिला जातो. बारामती-इंदापूर रस्त्यावरील लासुर्णेसारख्या गावांत, किंबहुना राज्याच्या बहुतेक ग्रामीण भागात, हेच चित्र दिसते. ज्या जनावरापासून धन्याला उत्पन्न नाही, त्याच्या आजारावर खर्च का करावा, हा प्रश्न जुनाच आहे. त्याचे उत्तर मुंबईतील एका गिरणीमालकाने एकोणिसाव्या शतकातच कृतीतून दिले होते. त्यांचे नाव सर दिनशा माणेकजी पेटिट.

दिनशा यांचा जन्म 30 जून 1823 रोजी मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. पूर्वजांपैकी एकाचा फ्रेंच व्यापाऱ्यांशी संबंध होता. त्यांच्या ठेंगण्या बांध्यामुळे फ्रेंचांनी दिलेले नाव पुढे घराण्याचे आडनाव झाले, असे सांगितले जाते.

दिनशा नऊ वर्षांचे होत असतानाच, जून 1832 मध्ये, मुंबईत दंगल उसळली. भटकी कुत्री मारण्याची मोहीम सरकारने हाती घेतली होती आणि मारणाऱ्यास बक्षीस मिळत होते. पारशी धर्मात कुत्र्याला मानाचे स्थान आहे. त्यामुळे समाज रस्त्यावर उतरला, दुकाने बंद झाली, लष्कर आणावे लागले. या प्रक्षोभानंतर दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ सुरू झाली. जनावरांना जीवदान मिळाले, चारापाणी मिळाला. परंतु त्यांच्या व्याधींवर शास्त्रीय उपचार करणारे रुग्णालय शहरात अद्याप नव्हते.

सतराव्या वर्षी दिनशा एका इंग्रजी पेढीत कारकून म्हणून लागले. पुढे ते दलालीत आणि कापडगिरण्यांच्या धंद्यात उतरले. माणेकजी पेटिट गिरणीची उभारणी 1860 मध्ये झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. 1865 मध्ये तो फुगा फुटला आणि भल्याभल्यांची दिवाळी निघाली, तरी पेटिट यांचा व्यवसाय तरला. मुंबईच्या गिरणीउद्योगाच्या आद्य उभारणीकर्त्यांत त्यांची गणना होते.

मिळवलेल्या संपत्तीचा मोठा वाटा त्यांनी दानात घातला. 1874 मध्ये प्राण्यांवरील क्रौर्यास प्रतिबंध करणारी संस्था मुंबईत स्थापन झाली होती. या संस्थेच्या कार्याला पेटिट यांच्या दानाचे बळ मिळाले आणि 1880 च्या दशकाच्या पूर्वार्धात परळ येथे पशुरुग्णालय उभे राहिले. त्यास त्यांच्या पत्नीचे, बाई साकरबाईंचे, नाव देण्यात आले. मात्र इमारत उभी राहिली तरी जनावरांची नाडी जाणणारे प्रशिक्षित हात हवे होते. ती उणीव 1886 मध्ये भरून निघाली. रुग्णालयाला जोडूनच मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले आणि जॉन स्टील त्याचे पहिले प्राचार्य झाले. आश्रय, उपचार आणि शिक्षण अशी ही साखळी पूर्ण झाली.

दिनशा 1887 मध्ये 'सर' झाले, तर 1890 मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. त्याच वर्षी साकरबाईंचे निधन झाले. तंत्रशिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या रुग्णालयासाठीही त्यांनी सढळ हाताने देणग्या दिल्या. 5 मे 1901 रोजी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

परळच्या रुग्णालयात आजही कुत्री-मांजरे उपचारासाठी आणली जातात. पशुवैद्यक शिक्षणही मुंबईपुरते राहिलेले नाही. नीरा नदीकाठच्या शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. निदान होण्याची सोय अशी जवळ आली असली, तरी मांजराचे जुनाट दुखणे रुग्णालयात संपत नाही. ते घरातच सांभाळावे लागते.

उतारवयातील मांजरांत मूत्रपिंडाचा जुनाट विकार वारंवार आढळतो. तहान व लघवी वाढणे, वजन घटणे आणि अन्नावरची वासना उडणे ही त्याची लक्षणे आहेत. मधुमेहातही तहान वाढते. म्हणून रक्त व लघवीची तपासणी आवश्यक ठरते. मांजर वेदना लपवते, त्यामुळे दर आठवड्याला वजन करून नोंद ठेवणे उपयुक्त असते. घरात दोन-तीन ठिकाणी ताजे पाणी ठेवावे, पशुवैद्यकांनी सुचवलेला आहार द्यावा आणि औषधाच्या वेळा चुकवू नयेत. माणसांची औषधे परस्पर मुळीच देऊ नयेत. तापावरचे पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेतते.

पेटिट यांच्या गिरण्या काळाच्या ओघात बंद पडल्या. उपयोगाच्या तराजूत न तोलता मुक्या जिवावर उपचार करण्याची त्यांनी रुजवलेली रीत मात्र टिकून आहे. तिचा पुढचा भाग आता प्रत्येक घराने उचलायचा आहे.