पंडिता रमाबाई आणि दुष्काळाची तयारी

चैत्र-वैशाखात आमच्या तिगावकडे विहिरींनी तळ गाठला म्हणजे मंडळी पावसासाठी प्रार्थना करू लागते. प्रार्थना करावीच. परंतु संकट येण्यापूर्वी देवाच्या लोकांनी काही करावयाचे असते की नाही? तयारी करणे हे अविश्वासाचे लक्षण आहे असे काही बंधुभगिनींस प्रामाणिकपणे वाटते. त्यांच्यासाठी व शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी आम्ही पंडिता रमाबाईंचे चरित्र या एकाच दृष्टीने सांगत आहो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. त्यांनी पत्नीस व मुलीस संस्कृत शिकविले. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणे सांगत दक्षिणेत फिरू लागले. होते ते द्रव्य दानधर्मात गेले. अशात १८७४ च्या सुमारास दुष्काळ पडला. घरात विद्या भरपूर होती. पण अंगमेहनतीचे काम कोणी शिकलेले नव्हते आणि भीक मागण्याची लाज वाटे. देव काहीतरी करील म्हणून ती माणसे उपाशी राहून वाट पाहत राहिली. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिघे गेली.

रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास हे दोघे उरले. रानातली बोरे खाऊन, अनवाणी, ती हजारो मैल चालली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडी असह्य झाली तेव्हा वाळूत खड्डे करून दोघांनी गळ्यापर्यंत अंगावर वाळू ओढून घेतली. १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली. तेथे रमाबाईंच्या विद्वत्तेचा मोठा गौरव झाला. परंतु वाळूतल्या त्या रात्री त्या कधी विसरल्या नाहीत.

पुढे भाऊ वारला. १८८२ मध्ये पतीही निवर्तले व पदरी लहानगी मनोरमा राहिली. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अमेरिकेतील मित्रांच्या साह्याने १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन सुरू केले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. हे साह्य दहा वर्षांपुरते होते. ती मुदत संपल्यावर मुलींनी काय खावे, याचा विचार रमाबाईंनी आधीच केला. पुण्यापासून सुमारे ५५ किलोमीटरवर केडगाव येथे १०० एकर जमीन घेतली, विहिरी खोदल्या व फळझाडे लावली. त्या वेळी दुष्काळाची वार्ताही नव्हती.

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडल्याचे कळले. आमचा हा भागही तेव्हा मध्य प्रांतातच, छिंदवाडा जिल्ह्यात होता. हाती पैसा नसताना रमाबाई तिकडे निघाल्या. दुष्काळी कामांवर आणि अन्नछावण्यांत त्यांनी हाडांचे सापळे झालेली मुले पाहिली. अनाथ मुलींवर टपलेली दुष्ट माणसेही पाहिली. त्यांनी सुमारे तीनशे मुली व तरुण विधवा आणल्या. पण पुण्यात प्लेगची साथ होती. इतक्या जणींस शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांची परवानगी मिळेना. तेव्हा केडगावची ती जमीन उपयोगी पडली. तेथे तंबू व झोपड्या उभ्या राहिल्या आणि त्यांतूनच मुक्ती सदन झाले.

रमाबाईंनी या मुलींना नुसते जेवू घातले नाही. वाचन-लेखनाबरोबर शेती, विणकाम, शिवण, दुग्धालय, तेलाचा घाणा, छापखाना अशी कामे शिकविली. आपल्या आईवडिलांपाशी विद्या होती, हातची कला नव्हती. ती उणीव त्यांनी या मुलींत राहू दिली नाही. थोरल्या मुली धाकट्यांच्या आया झाल्या. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा रमाबाईंनी आपल्या सहकारी स्त्रियांस तिकडे पाठविले. मुक्तीतील संख्या दीड हजारांच्या वर गेली. काल ज्यांचे प्राण वाचले होते, त्याच आज दुसऱ्यांस जेवण वाढीत होत्या.

या बाईंचा विश्वास उणा होता असे कोण म्हणेल? १९०५ मध्ये मुक्तीत झालेले आत्मिक संजीवन सर्वश्रुत आहे. त्यांनी मूळ भाषांवरून पवित्र शास्त्राचे सोपे मराठी भाषांतर केले, आणि ते काम आटोपून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूत निजल्या. पुरेसे अन्न नसताना त्या गुडघ्यांवर जात, आणि उठून पुन्हा कामास लागत. चिंता व तयारी या दोन भिन्न गोष्टी आहेत. चिंता करणाऱ्याचे हात रिकामे असतात. तयारी करणारा आपले हात देवाच्या स्वाधीन करतो. योसेफाने मिसरात सुकाळाच्या सात वर्षांत कोठारे भरली, ती विश्वासानेच.

म्हणून वाचकहो, पाऊस चांगला झालेल्या वर्षीच आपण विचार करू या. उपासना मंदिराच्या छपराचे पाणी विहिरीत सोडता येईल काय? दर आठवड्यास घराघरातून मूठभर धान्य बाजूला काढता येईल काय? शब्बाथ शाळेतील प्रत्येक मुलास वचनाबरोबर हाताचे एखादे काम येते काय? मंडळीतील एकट्या विधवेच्या घरी संकटात प्रथम कोणी जावयाचे, हे ठरले आहे काय? येत्या मंडळीच्या सभेत हे प्रश्न जरूर मांडावेत. रमाबाईंस दुष्काळाने जे शिकविले ते शिकण्यास आपणास दुष्काळाची वाट पाहावी न लागो, अशी बुद्धी प्रभू आपणा सर्वांस देवो.