फाईल लॉक आहे असं कॉम्प्युटर का सांगतो? त्या कुलपाचं शास्त्र मांडणारा जिम ग्रे समुद्रात गेला, तो परत आलाच नाही

पवनी. भंडारा जिल्ह्यातलं वैनगंगेकाठचं तालुक्याचं गाव. समजा इथल्या एका छोट्या पतसंस्थेत दोन कॉम्प्युटर आहेत आणि सभासदांची सगळी खाती एकाच ॲक्सेस फाईलमध्ये आहेत.

एका सभासदाच्या खात्यात ५,००० रुपये आहेत. तो एका काउंटरवर १,००० रुपये भरतो. त्याच मिनिटाला त्याची बायको दुसऱ्या काउंटरवर त्याच खात्यात ५०० भरते. दोन्ही क्लार्कच्या स्क्रीनवर शिल्लक ५,००० च दिसते. पहिला ६,००० लिहून सेव्ह करतो. दुसरा ५,५०० लिहून सेव्ह करतो.

खात्यात असायला हवेत ६,५००. दिसतात ५,५००. हजार रुपये गायब. चोरी कुणीच केली नाही आणि चूकही कुणाला दिसली नाही.

हे होऊ नये म्हणून कॉम्प्युटर कुलूप लावतो. एक जण बदल करत असेल तर दुसऱ्याला सांगतो, थांब. याच मेसेजला आपण लॉक झालं म्हणतो आणि वैतागतो. पण कुलूप कधी लावायचं, किती मोठं लावायचं आणि कधी काढायचं याचं पक्कं शास्त्र ज्यांनी मांडलं, त्यात सगळ्यात मोठं नाव आहे जिम ग्रे.

जेम्स निकोलस ग्रे यांचा जन्म १२ जानेवारी १९४४ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. आई शिक्षिका. लहानपणीचा काही काळ इटलीत रोममध्ये गेला. पुढे आईवडील वेगळे झाले आणि जिम आईसोबत सॅन फ्रान्सिस्कोला परतला.

१९६६ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्याने पदवी घेतली. १९६९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. बर्कलीत कॉम्प्युटर सायन्समध्ये डॉक्टरेट मिळवणारा तो पहिलाच.

सत्तरच्या दशकात तो आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत आला. तिथे सिस्टीम आर नावाचा प्रकल्प चालू होता. आज जगभर डेटाबेससाठी वापरली जाणारी एसक्यूएल ही भाषा याच प्रकल्पातून आली.

टेबल आणि भाषेचं काम इतर मंडळी करत होती. ग्रे आणि त्याच्या सहकाऱ्यांपुढे वेगळाच प्रश्न होता. एकाच वेळी शेकडो लोक एकाच माहितीवर तुटून पडले, तर हिशोब बरोबर राहणार कसा?

अख्ख्या डेटाबेसला कुलूप लावलं तर माहिती सुरक्षित राहते, पण एक जण काम करणार आणि बाकीचे रांगेत उभे. प्रत्येक नोंदीला वेगळं कुलूप लावलं तर सगळे एकदम काम करू शकतात, पण कुलपांचा हिशोब ठेवण्यातच कॉम्प्युटर दमतो.

१९७६ च्या सुमारास ग्रे आणि सहकाऱ्यांनी यावर उत्तर मांडलं. कुलपं लहानमोठी ठेवायची. कुणाला एकच नोंद बदलायची असेल तर त्याने आधी टेबलाच्या दारावर पाटी लावायची, की आत काम चालू आहे. मग आतल्या त्या एका नोंदीला कुलूप लावायचं. अख्खं टेबल हवं असलेल्याला दारातच कळतं की थांबावं लागेल, प्रत्येक नोंद तपासत बसावं लागत नाही.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. ग्रेने ट्रान्झॅक्शन ही कल्पना पक्क्या पायावर उभी केली. व्यवहार एक तर पूर्ण होईल, नाही तर झालाच नाही असं धरलं जाईल. मधेच वीज गेली तर अर्धवट काम मागे घेतलं जाईल. एटीएममधून पैसे काढताना मशीन बंद पडलं तरी बँकेचा हिशोब कोलमडत नाही, तो याच विचारामुळे.

आता प्रश्न असा, की एवढं शास्त्र असूनही पतसंस्थेतली ॲक्सेस फाईल का अडकते?

कारण मोठ्या बँकेच्या डेटाबेसला सर्व्हर नावाचा राखणदार असतो. कुणाचं कनेक्शन तुटलं की तो त्या माणसाचं कुलूप स्वतः काढतो आणि अर्धवट काम पुसतो. ॲक्सेसमध्ये असा राखणदार नसतो. फोल्डरमध्ये नुसती एक फाईल पडलेली असते आणि सगळे तिथूनच ती उघडतात.

पहिला माणूस आत शिरला की शेजारी त्याच नावाची एक छोटी लॉक फाईल तयार होते. जुन्या ॲक्सेसमध्ये तिचं एक्स्टेन्शन एलडीबी होतं, २००७ च्या आवृत्तीपासून एलएसीसीडीबी. तिच्यात आत आलेल्या कॉम्प्युटरची नावं असतात. शेवटचा माणूस बाहेर पडला की ती पुसली जाते. पण कॉम्प्युटर मधेच बंद पडला तर ती तशीच मागे राहू शकते.

मग करायचं काय? आधी फाईलची एक कॉपी काढून ठेवायची आणि प्रत्येक टेबलावर जाऊन ॲक्सेस बंद करायला सांगायचं. लॉक फाईलमध्ये नाव दिसलं म्हणजे तो माणूस आत आहेच असं नाही, कारण बाहेर पडलेल्याचं नावही तिच्यात राहतं.

स्क्रीनवर ॲक्सेस दिसत नसेल तरी टास्क मॅनेजरमध्ये ते चालू नाही ना, हे बघायचं. सगळे बाहेर आहेत याची खात्री झाली की मगच लॉक फाईल डिलीट करायची. विंडोज डिलीट करू देत नसेल तर कुणीतरी अजून आत आहे. तेव्हा जबरदस्ती नको.

फाईल उघडते, पण बदल करता येत नाही? मग फोल्डरची परवानगी तपासायची. लॉक फाईल तयार करायला आणि पुसायला त्या फोल्डरमध्ये लिहिण्याचा आणि डिलीट करण्याचा हक्क लागतो. कुणी फाईल एक्सक्लुझिव्ह पद्धतीने उघडली असेल तर बाकीच्यांना दार बंदच असतं.

रोजचाच त्रास असेल तर टेबलं एका फाईलमध्ये आणि फॉर्म वेगळ्या फाईलमध्ये ठेवायचे. फॉर्मची कॉपी प्रत्येक कॉम्प्युटरवर द्यायची.

ग्रेकडे परत येऊ. १९८० मध्ये तो आयबीएम सोडून टँडम कंपनीत गेला. १९८५ मध्ये त्याने कॉम्प्युटर बंद का पडतात याचा अभ्यास मांडला. यंत्र मोडण्यापेक्षा ते चालवण्यातल्या चुका आणि सॉफ्टवेअरमधले दोष जास्त घात करतात, असं त्यातून दिसलं. १९९५ पासून तो मायक्रोसॉफ्टमध्ये होता. १९९८ साठीचा ट्युरिंग पुरस्कार त्याला मिळाला. कॉम्प्युटरच्या जगात हा नोबेलच्या तोडीचा मानला जातो.

त्याच वर्षी टेरासर्व्हर सुरू झालं. जमिनीची उपग्रह आणि विमानातून घेतलेली छायाचित्रं इंटरनेटवर कुणालाही बघता येतील, असा हा डेटाबेस ग्रेच्या पुढाकारातून उभा राहिला होता. गूगल अर्थ यायला तेव्हा अजून काही वर्षं होती.

मग आला २८ जानेवारी २००७, रविवार. ६३ वर्षांचा ग्रे आपली टेनेशियस ही ४० फुटी शिडाची बोट घेऊन एकटाच निघाला. सॅन फ्रान्सिस्कोपासून सुमारे ४३ किलोमीटरवरच्या फॅरलॉन बेटांजवळ त्याला आईच्या अस्थी विसर्जित करायच्या होत्या.

तो परत आला नाही. मदतीचा संदेशही आला नाही. तटरक्षक दलाने अनेक दिवस समुद्र पिंजून काढला, पण हाती काही लागलं नाही.

मग त्याचे मित्र पुढे आले. उपग्रहाकडून समुद्राची ताजी छायाचित्रं घेतली गेली. त्यांचे छोटे तुकडे करून ॲमेझॉनच्या एका सेवेवर टाकले गेले. हजारो अनोळखी लोक घरबसल्या एकेक तुकडा डोळ्यांखालून घालत एक बोट शोधत होते. उपग्रहाची छायाचित्रं लोकांसाठी खुली करणाऱ्या माणसाला लोक उपग्रहाच्या छायाचित्रांतच शोधत होते.

१६ फेब्रुवारीला मित्रांनी तो शोध थांबवला. नंतर समुद्राचा तळही तपासला गेला. बोटीची एक फळीसुद्धा सापडली नाही.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यात बेपत्ता माणसाला मृत धरण्यासाठी पाच वर्षं थांबावं लागतं. २०१२ मध्ये ती मुदत संपली आणि जिम ग्रे कायद्याने मृत ठरला.

आज फोनवरून पैसे पाठवताना किंवा रेल्वेची शेवटची सीट बुक करताना एकच सीट दोघांना मिळत नाही, यामागे त्याचं काम आहे. पुढच्या वेळी फाईल लॉक दिसली तर एक लक्षात ठेवा. ते कुलूप बहुतेक वेळा कुणाचे तरी हजार रुपये वाचवत असतं. तोडण्याआधी आत कुणी नाही, याची खात्री करून घ्या.