डॉ. हाफकिन : चाळणीतून निघालेला माणूस

टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत एके काळी देवीची लस तयार होत असे. तिथून कॉलेजला येताना मला वाल्डेमार हाफकिन आठवतात.

त्यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीचे जंतू एका गिनिपिगातून दुसऱ्यात असे ओळीने नेले. दुबळे मरत, चिवट तेवढे उरत. असा निवडलेला उग्र वाण लशीच्या कामी आला. आज प्रतिपिंडांच्या माऱ्यात वाढवून इन्फ्लुएंझाचे नवे वाण वेगळे काढतात, तीही अशीच चाळणी.

१८९२ साली पटकीची लस त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लसही तशीच. ती साथ पुढे आपल्या बेळगावातही आली.

१९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल येथे एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला. तो १९०७ साली पुसला गेला. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले. १९३० साली लोझान येथे ते निवर्तले.

आम्ही वाणिज्याचे विद्यार्थी चुकीची नोंद एका ओळीत दुरुस्त करतो. माणसाच्या नावावरची चुकीची नोंद पुसायला मात्र पाच वर्षे लागली, हे मला विसरता येत नाही.