मोर, साप आणि भास्कराचार्य

९ हात उंचीच्या खांबावर एक मोर बसला आहे. खांबाच्या पायथ्याशी सापाचे बीळ आहे. २७ हातांवरून साप बिळाकडे येताना मोराला दिसतो आणि मोर त्याच्यावर तिरकी झेप घेतो. दोघांचा वेग सारखाच आहे. मग बिळापासून किती हातांवर त्यांची गाठ पडेल? साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वी भास्कराचार्यांनी 'लीलावती' या ग्रंथात विद्यार्थ्यांपुढे ठेवलेला हा प्रश्न आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मधला. सह्याद्रीच्या आश्रयाला वसलेले विज्जडविड हे त्यांचे गाव. ते नेमके कोठे होते, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. घराण्यात ज्योतिषाची परंपरा होती आणि वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू होते. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' पूर्ण केला. 'लीलावती', 'बीजगणित', 'ग्रहगणित' आणि 'गोलाध्याय' हे त्याचे चार भाग.

मोराच्या उदाहरणात वेग किती हे दिलेले नाही, वेळही दिलेली नाही. तरीही उत्तर निघते. वेग समान आणि वेळही समान, म्हणून दोघांनी कापलेले अंतरही समान, ही त्यातली गुरुकिल्ली. खांबाच्या उंचीचा वर्ग ८१. त्याला २७ ने भागल्यास ३ येतात. ते २७ मधून वजा करून उरलेल्या २४ चे निम्मे केले की १२ हात हे उत्तर मिळते. तोपर्यंत मोर आणि साप दोघेही १५ हात गेलेले असतात. 'बीजगणिता'त अज्ञात राशीला यावत्तावत् असे नाव देऊन दोन बाजू समान मांडण्याची रीत त्यांनी शिकविली. अज्ञात राशी अनेक असल्या, की काळा, निळा अशी रंगांची नावे त्यांना दिली जात.

गतीचा विचार त्यांनी जमिनीपुरता ठेवला नाही. चंद्राचा वेग क्षणोक्षणी बदलतो. दिवसभराची सरासरी गती धरून तिथीची अचूक वेळ काढता येत नाही. म्हणून त्या-त्या क्षणाची, म्हणजे तात्कालिक गती काढण्याची पद्धत त्यांनी दिली. पुढे युरोपात विकसित झालेल्या कलनशास्त्राच्या बीजकल्पनांशी तिचे साम्य गणिताच्या इतिहासकारांना जाणवले. वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी 'करणकुतूहल' हा पंचांगगणिताचा सुटसुटीत ग्रंथ लिहिला.

लीलावती ही त्यांची कन्या आणि घटिकापात्रात मोती अडकल्याने तिच्या विवाहाचा मुहूर्त टळला, ही कथा सर्वतोमुखी आहे. अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी अनुवादातून ती प्रसिद्ध झाली. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख मात्र दगडात कोरलेला पुरावा आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून त्यांनी तेथे मठ स्थापन केला. १२०७ च्या या लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो प्रकाशात आणला.

मठ काळाच्या ओघात नामशेष झाला. समोरासमोरून येणाऱ्या दोन आगगाड्या कोठे भेटतील, हा प्रश्न सोडविणारा आजचा विद्यार्थी मात्र अज्ञात अंतराला नाव देऊन दोन बाजू समान मांडण्याचीच रीत वापरतो.