फ्रिट्यॉफ नान्सेन: ध्रुवाच्या अंधारात पवनचक्कीवर दिवे लावणारा माणूस

शिडाच्या बोटीवर महिनोन्‌महिने राहायचं असेल तर वीज कुठून आणायची? छोटी पवनचक्की लावायची की सोलर पॅनल? हा प्रश्न निघाला की लगेच वॉट आणि किमतींची तुलना सुरू होते. मी मात्र आधी नान्सेनचं आयुष्य वाचायला सांगेन. कारण जहाजावर वाऱ्याची वीज वापरण्याचं मला माहीत असलेलं सर्वांत बोलकं उदाहरण त्याचंच आहे, आणि तेही १८९३ सालचं.

स्कीवरचा प्राणीशास्त्रज्ञ

नान्सेनचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ चा, नॉर्वेतल्या ख्रिस्तियानियाजवळचा. आज आपण या शहराला ऑस्लो म्हणतो. लहानपणापासून स्कीइंगमध्ये तरबेज, शिक्षण प्राणीशास्त्राचं. १८८२ मध्ये सील पकडणाऱ्या एका जहाजावरून तो उत्तरेकडे गेला, तिथे त्याने वाहत जाणारा बर्फ पाहिला आणि तो विषय डोक्यात बसला. परत येऊन बर्गनच्या संग्रहालयात नोकरी केली, मज्जासंस्थेवर संशोधन केलं आणि १८८८ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी पाच साथीदारांसह त्याने ग्रीनलँड आडवं पार केलं. वारा मागून आला तेव्हा या मंडळींनी घसरगाड्या एकत्र बांधून त्यांवर चक्क शीड उभारलं. फुकटची ऊर्जा दिसली की वापरायची, हा स्वभाव इथेच दिसतो.

जहाज बर्फात अडकवायची योजना

जॅनेट नावाचं अमेरिकन जहाज १८८१ मध्ये सायबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडालं. त्याचे अवशेष तीन वर्षांनी ग्रीनलँडच्या किनाऱ्यावर सापडले. याचा अर्थ बर्फ ध्रुवीय समुद्र ओलांडून वाहत येतो. नान्सेनने ठरवलं, आपणही मुद्दाम बर्फात अडकायचं आणि वाहत जायचं. अनेक अनुभवी दर्यावर्दींना हा वेडेपणा वाटला.

कॉलिन आर्चरने त्याच्यासाठी ‘फ्राम’ बांधलं. तळ असा गोलसर, की बर्फाचा दाब आला की जहाज चिरडण्याऐवजी वर उचललं जावं. भिंतींमध्ये फेल्ट, कॉर्क आणि रेनडिअरच्या केसांचे थर घातले, म्हणजे उष्णता आत टिकेल. वीज आणण्याआधी गरज कमी करायची, हे आजही पहिलं पाऊल आहे.

एक डायनॅमो, तीन पर्याय

जून १८९३ मध्ये १३ माणसं निघाली. सप्टेंबरअखेर जहाज बर्फात रुतलं. पुढे काही महिने सूर्य उगवणारच नव्हता. अंधारात बंदिस्त जागेत राहणाऱ्या माणसांसाठी चांगला उजेड म्हणजे मनाचं औषधच.

जहाजावरचा डायनॅमो वाफेच्या इंजिनावर, हाताने किंवा वाऱ्यावर फिरवता येत होता. इंजिन लावलं तर कोळसा जळणार, आणि तो परतीसाठी राखायचा होता. हाताने फिरवायचं तर माणसं दमणार. उरला वारा. ऑक्टोबरअखेर डेकवरची पवनचक्की फिरू लागली आणि विजेचा दिवा लागला.

सौरऊर्जेचं काय? तेव्हाचे सेलेनियमचे सौरघट १ टक्काही कार्यक्षम नव्हते. पण गंमत अशी, की आजचं सर्वांत भारी पॅनल तिथे नेलं असतं तरी ध्रुवीय रात्रीत त्यातून काहीच मिळालं नसतं. उन्हाळ्यात मात्र सूर्य मावळतच नाही, तेव्हा तेच पॅनल चोवीस तास चाललं असतं. म्हणजे उत्तर यंत्रात नाही, ठिकाणात आणि ऋतूत आहे.

अडकलेलं जहाज, पूर्ण वारा

आणखी एक मुद्दा सहसा सुटतो. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते: वेग दुप्पट, तर शक्ती आठपट. फ्राम बर्फात जवळपास उभंच होतं, म्हणून चक्कीला पूर्ण वारा मिळे. चालत्या बोटीचं तसं नसतं. मागून १५ नॉटचा वारा आहे आणि बोट ६ नॉटने पळतेय, तर चक्कीला ९ नॉटच जाणवतो. शक्ती उरते साधारण एक पंचमांश! नांगर टाकलेल्या बोटीवर हीच चक्की छान चालते.

वाऱ्याची दुसरी बाजूही फ्रामवर दिसली. वारा पडला की चक्की थांबायची आणि तेलाचे दिवे लागायचे. शिवाय फिरणारे भाग झिजतात. पुढे चक्कीच्या चाकांचे दाते झिजले आणि ती काढून टाकावी लागली. सोलर पॅनलमध्ये फिरणारं काही नसतं, हा त्याचा मोठा फायदा.

विजेशिवायचा हिवाळा

बर्फ आपल्याला ध्रुवावर नेणार नाही, हे लक्षात आल्यावर मार्च १८९५ मध्ये नान्सेन आणि यालमार योहान्सेन स्की, कुत्रे आणि घसरगाड्या घेऊन जहाजातून उतरले. ८६ अंश १४ मिनिटे उत्तरेपर्यंत पोचले, तोवरचा विक्रम. परतताना फ्रान्झ जोसेफ लँडवर दगडांच्या झोपडीत, वॉलरसच्या कातड्याच्या छपराखाली दोघांनी अख्खा हिवाळा काढला. उजेड आणि स्वयंपाक प्राण्यांच्या चरबीवर. इथेही तोच नियम: जागेवर जे मिळतं तेच इंधन. ऑगस्ट १८९६ मध्ये तो नॉर्वेत पोचला, आणि फ्रामही त्याच महिन्यात सुखरूप परतलं.

बर्फ वाऱ्याच्या दिशेच्या उजवीकडे सरकतो, ही त्याची नोंद पुढे एकमनच्या समुद्रप्रवाहांच्या सिद्धांताचा पाया ठरली. नंतर नान्सेनने युद्धकैद्यांना घरी पोचवलं, निर्वासितांसाठी ‘नान्सेन पासपोर्ट’ आणला. १९२२ मध्ये त्याला शांततेचं नोबेल मिळालं. १३ मे १९३० ला तो गेला.

मग आज काय निवडायचं?

उष्ण कटिबंधात फिरणार असाल तर आधी सोलर. ४०० वॉटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला दीड युनिटच्या आसपास देतं, फक्त शिडाची सावली टाळा. उत्तरेकडच्या हिवाळ्यात, वाऱ्याच्या खाडीत नांगर टाकून राहणार असाल तर पवनचक्की. डिसेंबरात ऑस्लोत सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून जेमतेम ७ अंश वर येतो. दोन्हीकडे जाणार असाल तर दोन्ही लावा, आणि बॅटरी मोठी ठेवा. खरेदीआधी नकाशा आणि कॅलेंडर समोर घ्या. कॅटलॉग त्यानंतर.