वसईचे संत गोन्सालो गार्सिया : अन्याय सोसूनही सेवेशी एकनिष्ठ

कष्ट आपण करावेत आणि मान दुसऱ्याच्या पदरी पडावा, हा अनुभव राबणाऱ्या माणसाला नवा नाही. बुलढाणा तालुक्यात, जालना जिल्ह्याच्या सीमेलगत वसलेल्या धाड गावी व आसपासच्या खेड्यांत कापसाच्या वेचणीला जाणाऱ्या माउलीपासून ते वर्षानुवर्षे तात्पुरत्या जागेवर शिकविणाऱ्या शिक्षकापर्यंत अनेकांच्या वाट्याला तो येत असतो. पुढच्या वर्षी कायम करू, हे आश्वासन ऐकता ऐकता केस पांढरे झालेली माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. अशा वेळी ख्रिस्ती माणसाने कसे वागावे, हे प्रवचनांतून आपण ऐकतोच. आम्हांस येथे एका संताचे चरित्र सांगावयाचे आहे. ते आपल्याच महाराष्ट्राच्या मातीत जन्मले, आशेवर कित्येक वर्षे राबले, जन्मामुळे डावलले गेले, आणि तरीही देवाने ज्या कामासाठी आपणांस बोलाविले अशी त्यांची खात्री होती ते काम त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. वसईचे संत गोन्सालो गार्सिया हे त्यांचे नाव.

गोन्सालो यांचा जन्म 1556-57 च्या सुमारास वसई येथे झाला. 1534 पासून वसई पोर्तुगिजांच्या ताब्यात होती आणि तेथील कोटाच्या आत चर्च, मठ, विद्यालये उभी राहत होती. गोन्सालो यांचे वडील पोर्तुगीज होते, तर आई वसई परिसरातील स्थानिक स्त्री होती. आजच्या वाचकाला ही बाब किरकोळ वाटेल. परंतु त्या काळी माणसाच्या जन्माची फार बारकाईने मोजदाद होत असे. पोर्तुगालमध्ये जन्मलेला पोर्तुगीज सर्वांत वर, हिंदुस्थानात जन्मलेला पोर्तुगीज त्याच्या खाली, मिश्र रक्ताचा त्याच्याही खाली आणि अस्सल एतद्देशीय सर्वांत खाली, अशी ती उतरंड होती. जातीची उतरंड आपल्या समाजाला ठाऊक आहेच. समुद्रापलीकडून आलेल्यांनी आपल्याबरोबर आणखी एक आणली, एवढेच.

संत फ्रान्सिस झेवियर यांचे पाय वसईला लागले होते आणि त्यांच्या पाठोपाठ येशूसंघाने, म्हणजे जेज्वीट संघाने, तेथे विद्यालय चालविले होते. गोन्सालो बालपणी याच धर्मगुरूंच्या छायेत वाढले. लिहिणे, वाचणे, प्रार्थना, वेदीवरील सेवा हे सारे त्यांनी तेथेच आत्मसात केले. कोटाच्या आतील त्या चर्चच्या भिंती आजही उभ्या आहेत. मुलगा चुणचुणीत व भाविक असल्याचे धर्मगुरूंच्या लक्षात आले आणि वयाच्या अवघ्या पंधरा-सोळाव्या वर्षी, मिशनऱ्यांच्या सोबतीने, तो जपानला जाणाऱ्या जहाजावर चढला. वसईहून जपान म्हणजे महिनोन्‌महिन्यांचा सागरी प्रवास होता. वाऱ्याची दिशा पालटेपर्यंत वाटेतील बंदरांत खोळंबून राहावे लागे, आणि गेलेला माणूस परत येईलच याची शाश्वती कोणी देत नसे.

जपानमध्ये गोन्सालो यांनी धर्मशिक्षकाचे, म्हणजे कॅटेकिस्टचे, काम केले. या कामाची थोरवी आपल्या भागातील भाविकांना वेगळी सांगावयास नको. जेथे धर्मगुरू कधीमधीच पोहोचत, अशा वस्त्यांवर प्रार्थना घेणे, मुलांना धर्मशिक्षण देणे, आजाऱ्याच्या उशाशी बसणे व मयताला माती देणे ही कामे आपल्याकडे ज्यांनी केली, त्या कॅटेकिस्ट मास्तरांची आठवण जुन्या कुटुंबांतून अजून निघते. गोन्सालो तेच करीत होते, आणि तेही परक्या भाषेत. युरोपातून आलेल्या कित्येक विद्वान धर्मगुरूंना जपानी भाषेने हैराण केले होते. वसईच्या या तरुणाने मात्र ती लोकांत मिसळून इतकी चांगली आत्मसात केली की त्याच्याविना संघाचे काम अडू लागले. सुमारे आठ वर्षे ही सेवा चालली. लोकांचा त्यांच्यावर लोभ जडला.

या सर्व काळात त्यांच्या मनात एकच इच्छा होती. आपणांस येशूसंघात रीतसर प्रवेश मिळावा आणि व्रतस्थ म्हणून हीच सेवा जन्मभर करता यावी. त्यांनी विनंती केली, पुन्हा पुन्हा केली, आणि तो दिवस उजाडला नाही. चरित्रकार याचे कारण त्यांच्या जन्मात पाहतात, आणि त्या काळाचा कारभार पाहता आम्हांसही तेच खरे वाटते. पूर्वेकडील मिशनचे प्रमुख निरीक्षक अलेस्सान्द्रो वालिन्यानो हे मोठे दूरदर्शी पुरुष होते. 1579 मध्ये जपानला पोहोचल्यावर त्यांनी जपानी तरुणांसाठी सेमिनरी उघडल्या व त्यांना संघात घेण्याचा आग्रह धरला. त्याच वालिन्यानो यांचे हिंदी व मिश्र रक्ताच्या लोकांविषयीचे मत मात्र अगदी उलट होते. त्यांना संघात घेऊ नये, असेच त्यांनी लिहून ठेवले. म्हणजे जपानमध्ये जपानी माणसाला दार उघडत होते, आणि त्याला प्रार्थना शिकविणारा वसईकर उंबऱ्यावर उभा होता. हा अन्याय होता, असे स्पष्ट म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. तो करणारे दुष्ट नव्हते. ज्यांनी त्यांना अक्षर व श्रद्धा दिली त्याच मंडळीच्या हातून तो झाला. म्हणूनच तो अधिक बोचला असेल. शत्रूने डावलले तर राग येतो. आपल्या माणसांनी, आपल्याच देवाचे नाव घेत डावलले, तर मनुष्य मुळापासून हलतो, आणि अशा प्रसंगी कित्येकांचे पाय चर्चकडे वळेनासे होतात, हे आपण आजूबाजूला पाहतच आहोत.

गोन्सालो यांनी काय केले? त्यांनी संघाचे काम सोडले. हे सांगताना आम्ही मुद्दाम थांबतो, कारण ख्रिस्ती सहनशीलता म्हणजे जेथे आहोत तेथेच खाली मान घालून बसणे, असा समज आपल्यात फार आहे. अन्याय निमूटपणे झेललाच पाहिजे, मजुरी बुडाली तरी बोलू नये, असे ख्रिस्तसभा शिकवीत नाही. पोप तेरावे लिओ यांनी 1891 साली ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढून कामगाराच्या न्याय्य वेतनाचा हक्क उघडपणे मांडला. पुढील शतकात गोव्याच्या मातेउस द कास्त्रो यांना तेथे धर्मगुरुदीक्षा नाकारण्यात आली, तेव्हा ते थेट रोमला गेले, तेथे दीक्षा घेतली आणि 1637 साली बिशप झाले. मग त्यांनी जन्मभर गोव्यातील अधिकाऱ्यांशी भांडण मांडले. तोही एक मार्ग होता. गोन्सालो यांचा पिंड निराळा होता. ते शांतपणे दूर झाले आणि पोटासाठी व्यापारात उतरले.

व्यापारात त्यांना यश आले. जपानी भाषा येते, बंदरे ठाऊक आहेत, शब्दाला माणूस पक्का आहे, मग गिऱ्हाईक का येणार नाही? अतिपूर्वेच्या त्या बंदरांत त्यांचा जम बसला आणि हाती पैसा आला. ज्याला संघाने दार उघडले नाही, त्याला बाजाराने बसावयास पाट दिला, असे म्हणता येईल. सामान्य माणूस येथे सुखावला असता आणि जुन्या धन्याला नावे ठेवीत उरलेले आयुष्य थाटात घालविता. आमच्या मते गोन्सालो यांची खरी परीक्षा नकाराच्या दिवशी झालीच नाही. ती या भरभराटीच्या दिवसांत झाली. दुखावलेल्या माणसाला यश मिळाले की जुने ध्येय सहज विसरता येते. त्यांना ते विसरता आले नाही.

व्यापाराच्या निमित्ताने ते फिलिपाईन्स बेटांतील मनिला येथे गेले. तेथे त्यांची गाठ अनवाणी चालणाऱ्या, जाडेभरडे वस्त्र नेसणाऱ्या व रोग्यांची सेवा करणाऱ्या फ्रान्सिस्कन बंधूंशी पडली. 1587 च्या सुमारास गोन्सालो यांनी आपला व्यापार मोडला आणि त्यांच्या संघात प्रवेश केला. येथेही ते धर्मगुरू झाले नाहीत. व्रतस्थ बंधू म्हणून, म्हणजे स्वयंपाकघर, दवाखाना व दारावरची सेवा ज्यांच्याकडे असते अशांपैकी एक म्हणून, ते राहिले. या खालच्या जागेबद्दल त्यांनी कुरकुर केल्याचे कोठे आढळत नाही.

पुढे जे घडले ते मानवी योजनेपलीकडचे आहे. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने फिलिपाईन्सवर हक्क सांगण्यास प्रारंभ केला, तेव्हा मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराने 1593 मध्ये फादर पेद्रो बाउतिस्ता यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ जपानला धाडले. या मंडळींना जपानी भाषेत कोण तारणार? ज्या देशात गोन्सालो यांची सेवा अपुरी राहिली होती, त्याच देशात आता दुभाषा म्हणून त्यांना पाठविण्यात आले. हिदेयोशी हा एका शब्दावर माणसाचे मस्तक उडविणारा सत्ताधीश होता. त्याच्या दरबारात अनवाणी, ठिगळाच्या झग्यात उभे राहून दोन सत्तांमधील बोलणी गोन्सालो यांना करावी लागली. फ्रान्सिस्कन बंधूंना राहण्याची परवानगी मिळाली. त्यांनी क्योतो येथे मठ व चर्च उभारले आणि कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळ सुरू केले. ज्या रोग्यांना घरच्यांनी टाकले होते त्यांच्या जखमा धुणे हे तेथील बंधूंचे नित्याचे काम बनले.

यात एक अवघड गोष्ट होती, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. 1585 मध्ये पोप तेरावे ग्रेगरी यांनी जपानचे मिशन येशूसंघाकडेच असावे, असे ठरविले होते. फ्रान्सिस्कनांचे येणे त्यामुळे जुन्या मंडळीला रुचले नाही व दोन्ही संघांत तेढ माजली. गोन्सालो यांची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना करावी. एका बाजूला ज्यांनी त्यांना वाढविले आणि डावलले ते, दुसऱ्या बाजूला ज्यांनी त्यांना स्वीकारले ते. आणि मध्ये, दोन्हीकडची भाषा जाणणारे, ते स्वतः. जुना हिशेब चुकता करावयास याहून सोयीचा प्रसंग नव्हता. ते आपले रोग्यांकडेच राहिले.

ऑक्टोबर 1596 मध्ये मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. हिदेयोशीने त्यावरील मौल्यवान माल जप्त केला. मिशनरी पुढे पाठवून मागाहून स्पेन देश जिंकतो, असा संशय त्याच्या मनात भरला. डिसेंबरमध्ये क्योतो व ओसाका येथील मठांभोवती पहारे बसले. पकडलेल्यांत 6 फ्रान्सिस्कन, 3 जपानी येशूसंघीय आणि जपानी प्रापंचिक ख्रिस्ती होते. वाटेत आणखी दोघे सामील झाले व संख्या 26 झाली. त्यांत 12 वर्षांचा लुईस इबाराकी हा बालकही होता. जानेवारी 1597 च्या आरंभी त्यांच्या डाव्या कानाचे तुकडे भर रस्त्यात कापण्यात आले आणि गावोगावी धिंड काढीत, ऐन हिवाळ्यात, सुमारे महिनाभर चालवून त्यांना नागासाकीला नेण्यात आले.

5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका टेकडीवर 26 क्रूस मांडून ठेवले होते. परंपरा सांगते की तेथे प्रथम पोहोचणारे गोन्सालो होते आणि त्यांनी आपला क्रूस कोणता हे विचारून घेतले. लोखंडी कड्यांनी व दोरांनी सर्वांना क्रुसावर जखडण्यात आले व भाल्यांनी त्यांची शरीरे विंधण्यात आली. त्या रांगेत पॉल मिकी हे येशूसंघाचे जपानी बंधू होते. 1586 मध्ये त्यांना संघात प्रवेश मिळाला होता; गोन्सालो ज्याची वाट पाहत राहिले, तोच हा प्रवेश. दोघे एकाच रांगेत क्रुसावर होते. फ्रान्सिस्को पासियो व जुआंव रोड्रिगीश हे दोन येशूसंघीय धर्मगुरू त्या टेकडीवर हजर होते आणि मरणाऱ्यांना धीर देताना त्यांनी संघ पाहिला नाही. गोन्सालो तेव्हा चाळीस वर्षांचे होते.

1627 साली पोप आठवे अर्बन यांनी या रक्तसाक्ष्यांना धन्य घोषित केले आणि 8 जून 1862 रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. हिंदुस्थानात जन्मलेले पहिले संत म्हणून गोन्सालो यांची ओळख आहे. वसईत मात्र त्यांची भक्ती अखंड चालू राहणे कठीण होते. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज निघून गेले, कोटातील चर्च ओस पडली व त्यांवर झाडे वाढली. पुढे भाविकांनी तो धागा पुन्हा जोडला. गास येथील चर्च त्यांच्या नावाचे आहे, वसईतील महाविद्यालयही त्यांच्या नावाचे आहे. नागासाकीच्या टेकडीवर 1962 मध्ये, संतपदाच्या शताब्दीला, शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी घडविलेली 26 जणांची कांस्य शिल्पे उभी राहिली. गोन्सालो त्या रांगेत आहेत. रोमन उपासना दिनदर्शिकेत 6 फेब्रुवारी हा दिवस संत पॉल मिकी व सोबती या नावाने नोंदलेला असतो. त्या सोबत्यांत वसईचे गोन्सालो येतात.