सुताराचा मुलगा आणि सपाट छपरांचे गाव

गावाचा आराखडा कागदावर किती सुबक आहे, यापेक्षा त्या गावात राहणाऱ्याचे पुढे काय होते, हा प्रश्न मोठा असतो. नेदरलँड्समधील नागेले हे चिमुकले गाव हाच प्रश्न उभा करते. त्याच्या घडणीची कथा सांगण्यासाठी तेथे एक लहान संग्रहालयही उभारले गेले. गावाच्या शिल्पकारांपैकी एक नाव जगप्रसिद्ध आहे : गेरिट रीटफेल्ट.

रीटफेल्ट यांचा जन्म १८८८ साली उट्रेख्त शहरात एका सुताराच्या घरी झाला. लहान वयातच शाळा सुटली आणि हाती रंधा आला. १९१७ मध्ये त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. साध्या पट्ट्या आणि फळ्या जोडून केलेली त्यांची लाल-निळी खुर्ची पुढे गाजली. १९२४ साली त्यांनी उट्रेख्तमध्ये श्र्योडर यांचे घर बांधले. त्याच्या वरच्या मजल्यावरील भिंती सरकवून हव्या तशा खोल्या करता येतात. या कीर्तीवर ते संतुष्ट राहिले नाहीत. थोड्या खर्चात सामान्य माणसाला प्रकाश आणि मोकळी हवा कशी द्यावी, हा त्यांचा पुढचा ध्यास होता.

ती संधी नागेलेने दिली. पूर्वीच्या समुद्राच्या तळावरील ही जमीन १९४२ साली कोरडी झाली. भोवतालची नवी गावे उतरत्या छपरांची झाली. नागेलेसाठी मात्र नव्या विचारांच्या वास्तुविशारदांनी एकत्र बसून आराखडा केला. मध्ये विस्तीर्ण हिरवळ, तिच्याभोवती शाळा व प्रार्थनामंदिरे, त्यापलीकडे घरांचे समूह आणि वारा अडविणारा वृक्षांचा पट्टा. छपरे सारी सपाट. येथील काही घरे रीटफेल्ट यांनी आखली. ती मुख्यतः शेतमजुरांसाठी होती, हे विसरता कामा नये.

परंतु काळ आराखड्याप्रमाणे चालत नाही. शेतीत यंत्रे आली, मजुरांची गरज घटली, मोटारींमुळे शहर जवळ आले. दुकानांचा व्यवहार ओसरला. रीटफेल्ट १९६४ साली निवर्तले.

म्हणून नागेले फसले असे म्हणणे अन्यायाचे होईल. मजुराच्या घराचा विचार थोर कलावंताने करावा, हीच मुळात मोठी गोष्ट होय. मात्र घर आखून देता येते, उपजीविका आखून देता येत नाही. नियोजनकारांनी हा धडा ध्यानी ठेवावा.